सत्कार करायचाय? आधी व्यासपीठावरच्या खुर्च्या मोजा

आमच्या मंडळाच्या पहिल्या सत्कार समारंभात व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या आणि त्यांतली एकही सत्कारमूर्तींसाठी नव्हती. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, स्वागताध्यक्ष, दोन देणगीदार आणि ऐनवेळी आलेले, ज्यांना खाली बसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही असे पाच जण. ज्यांच्यासाठी हा थाट होता ती चार माणसं तिसऱ्या रांगेत. पाहुण्यांना हार घालण्यातच पाऊण तास गेला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीतल्या, एका विडी कामगार अक्कांनी वीसेक वर्षं आपल्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांना अक्षरओळख करून दिली होती. त्यांच्या वाट्याला दीड मिनिट आलं. स्मृतिचिन्हावर त्यांचं तेलुगू आडनाव चुकलेलं होतं. "कशाला वो एवढं?" म्हणून त्या हसल्या आणि कारखान्यात विड्या द्यायची वेळ झाली म्हणून चहा न घेताच निघाल्या.

त्यानंतर आम्ही दरवर्षी थोडंथोडं सुधारत गेलो. जे जमलं आणि जे अंगाशी आलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मंडळ, वाचनालय, महिला बचत गट, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, अपार्टमेंटची सोसायटी, कुणालाही हे करता येईल. हाताशी आठ आठवडे असू द्या. त्यांतले पहिले चार माणसं शोधण्यात आणि त्यांचं काम समजून घेण्यात घालवायचे. मंडप, हार, फ्लेक्स ही कामं शेवटच्या दोन आठवड्यांत सहज होतात. आपण नेमकं उलटं करतो.

नावं कुठून आणायची

सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे चार ओळखीच्यांना फोन करून "चांगली नावं सुचवा" म्हणणं. जी नावं येतात त्यांचे सत्कार आधीच सात वेळा झालेले असतात. त्यांच्या घरी शालींची ट्रंक भरलेली असते.

प्रश्न बदलला की नावं बदलतात. "तुमच्या भागात समाजसेवक कोण?" असं विचारलं की लोक ज्याचा फ्लेक्स लागतो त्याचं नाव सांगतात. त्याऐवजी विचारा, "रात्री दोन वाजता घरात कुणाला काही झालं तर तुम्ही कुणाचं दार वाजवता?" किंवा "रेशनकार्डाचा, पेन्शनचा फॉर्म कोण भरून देतं?" किंवा "मयत झाली की सामान आणायला पहिलं कोण निघतं?" अशा प्रश्नांना माणसं क्षणाचाही विचार न करता उत्तर देतात, आणि ते उत्तर बहुधा खरं असतं.

विचारायचं कुठे? रेशन दुकानाची रांग, रिक्षा स्टँड, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, शाळेचे शिपाई, आशाताई, अंगणवाडी सेविका. आशाताईंना तर गल्लीतल्या प्रत्येक घरातलं दुखणंखुपणं माहीत असतं, तसं त्यात धावून येणारं माणूसही माहीत असतं. (त्यांच्या स्वतःच्या नावाचा विचार मात्र त्यांच्या मनातही येत नाही. तो तुम्ही करा.) एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी तेच नाव आलं, तर वहीत लिहा. आमची दोनशे पानी साधी वही आहे. डाव्या पानावर नाव, उजव्या पानावर कुणी काय सांगितलं आणि कोणत्या तारखेला.

सोलापुरात यात भाषेची एक गोम आहे. मराठी बोलत साखर पेठेत, दत्त नगरात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात गेलात तर माणसं तुमच्याशी नीट मराठीत बोलतील, पण मनातलं तेलुगूत बोलतील. बाळीवेसेकडे कन्नड, बेगम पेठ, विजापूर वेस भागात उर्दू किंवा आपली दखनी. त्यामुळे फिरताना त्या भाषेचं एक माणूस बरोबर हवंच. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. तिथे एका दुपारी तेलुगू येणारी कार्यकर्ती बरोबर होती म्हणून आम्हांला जेवढी नावं मिळाली, तेवढी आधीच्या दोन वर्षांत मिळून मिळाली नव्हती.

आणि यादी तयार झाली की तिच्याकडे एकदा लांबून बघा. सगळी नावं एकाच समाजाची, एकाच पेठेची, किंवा सगळे पुरुषच असतील, तर चूक शहराची नाही, आपल्या फिरण्याची आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं एका दमात घेणाऱ्या गावाला एकरंगी यादी शोभत नाही.

निवड आणि पडताळणी

निवड समिती पाच ते सात जणांची पुरे. त्यात किमान दोन बायका, एखादा तिशीच्या आतला, आणि मंडळाचा पदाधिकारी नसलेला निदान एक जण. कुणाच्या नात्यातलं नाव चर्चेला आलं तर त्या सदस्याने तेवढा वेळ चहा प्यायला बाहेर जायचं. हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा, नाव निघाल्यावर ठरवायला गेलात तर भांडण होतं.

वगळायचं कुणाला, यावर माझी मतं ठाम आहेत. येत्या निवडणुकीत उभं राहणार असलेल्या माणसाला त्या वर्षी थांबवा. काम खरं असेल तर पुढच्या वर्षीही ते तिथेच असेल. कार्यक्रमाला पैसे देणाऱ्याचा त्याच कार्यक्रमात सत्कार करू नका, त्याचे आभार माना, ती वेगळी गोष्ट आहे. आणि सत्कारमूर्तींकडून नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचा खर्च, जाहिरात असलं काही घ्यायचं तर मुळात हा उद्योग करू नका. "राज्यस्तरीय" पुरस्कार विकणारी दुकानं महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यामुळे आता खऱ्या सत्काराचा फोन केला तरी काही जण आधी विचारतात, "किती भरायचे?" आम्हांला हा प्रश्न दोनदा आला आहे.

नाव पक्कं करण्याआधी तीन जणांना भेटा. ज्याला त्या कामाचा उपयोग झाला असा एक, जो शेजारून नुसतं बघत आला असा एक, आणि ज्याचं त्या माणसाशी पटत नाही असा एक. तिसऱ्याला टाळू नका. एकदा अशा तिसऱ्या माणसाने नाकं मुरडत सांगितलं, "भांडखोर बाई आहे वो. नळाच्या पाण्यावरून पाणीपुरवठ्याच्या साहेबांना जाऊन जाऊन छळते." आमच्या मानपत्राचं पहिलं वाक्य आम्हांला तिथेच मिळालं.

होकार घ्या, गृहीत धरू नका

निवड झाली की थेट पत्रिका छापायला टाकू नका. घरी जा, दोघांनी जा, फोनवर उरकू नका. काहींना सत्कार नको असतो. "देवाचं नाव घेऊन करतो, फोटो कशाला" म्हणणारे असतात, त्यांचा नकार खरा माना आणि गळ घालू नका. काहींचं काम असं असतं की गवगवा झाला तर कामच धोक्यात येईल: नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बाईला रात्रभर आसरा देणारी बाई, दारू सोडवायला मदत करणारा, एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना दवाखान्यात नेणारा. अशांचं कौतुक करायचं असेल तर त्यांना विचारूनच, लहान गटात, वर्तमानपत्राशिवाय. आणि ज्यांना मदत झाली त्यांना व्यासपीठावर उभं करून रडवायचा प्रकार कुठल्याच कार्यक्रमात नको.

सत्कारमूर्ती सरकारी नोकर असेल, म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी, पोलीस, तलाठी, तर त्यांच्या वर्तणूक नियमांप्रमाणे आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या कार्यक्रमाला जाण्याआधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. महापालिकेच्या सफाई कामगारांच्या बाबतीतही आधी खात्यात विचारून घेणं शहाणपणाचं. विनंतीचं पत्र तुम्ही मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्या, त्यांना धावपळ करायला लावू नका.

घरी गेल्यावर या गोष्टी विचारून लिहून घ्या. पूर्ण नाव कसं लिहायचं, कसं उच्चारायचं, आणि गल्लीत काय म्हणतात. तेलुगू आडनाव असेल तर कागदावर त्यांच्या घरातल्या शिकत्या पोरांकडून लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. आमची चूक ऐकीव आडनावाने झाली होती. दिवसातली कोणती वेळ मोकळी असते. बरोबर कोण येणार. पायऱ्या चढवतात का. चार शब्द बोलायला आवडेल का, कोणत्या भाषेत. आणि शेवटी हळूच: त्या दिवशी कामावर गेलं नाही तर मजुरी किती बुडते. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावरच्या, धुणीभांडी करणाऱ्या माणसाला आपला सत्कार स्वतःच्या खर्चाने पडतो. ती बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याची रिक्षा हा कार्यक्रमाचा पहिला खर्च धरा आणि तो पाकिटातून आधीच द्या, व्यासपीठावर नव्हे.

मानपत्र: इथे वेळ घालवा

बाकी सगळं विकत मिळतं. मानपत्र लिहावं लागतं. ते शेवटच्या रात्री सूत्रसंचालकाने मागच्या वर्षीच्या फाइलमधून काढून नाव बदलून छापलं, की समारंभ तिथेच संपला असं समजा.

मानपत्र तपासायची एक सोपी रीत आहे. त्यातलं नाव झाका आणि दुसऱ्या कुणाचंही घाला. मजकूर तसाच बसत असेल तर कागद फाडा. "आपण समाजासाठी अहोरात्र झटत असून आपले कार्य तरुण पिढीला दीपस्तंभासारखे मार्गदर्शक ठरले आहे" हे वाक्य सरपंचाला बसतं, डॉक्टरला बसतं, निवृत्त फौजदारालाही बसतं. म्हणजे ते कुणाचंच नाही.

त्याऐवजी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. आधी काय परिस्थिती होती? यांनी नेमकं काय केलं, कुठे, किती वाजता, कशाने? त्यासाठी काय सोसलं? आणि आज काय वेगळं आहे, जे दाखवता येतं? शब्द त्या माणसाचेच वापरा. आमच्या त्या अक्कांसाठी दोन वर्षांनी आम्ही नवं मानपत्र लिहिलं, त्यातला भाग असा होता:

"रोज संध्याकाळी सहा ते साडेसात आपल्या ओट्यावर दिवा असतो. मांडीवर विड्यांचं सूप आणि समोर पाट्या घेऊन बसलेली मुलं. हात विड्या वळत असतात आणि तोंडाने मुळाक्षरं चालू असतात, आधी तेलुगू, मग मराठी. किती मुलं शिकून गेली याचा हिशोब आपण ठेवला नाही. आम्ही शोधायला निघालो तेव्हा एकवीस जण भेटले. त्यांतली एक आज परिचारिका आहे, दोघं यंत्रमागाच्या कारखान्यात हिशोब लिहितात, आणि एकाने सांगितलं की तो शाळेत कधीच गेला नाही, पण बसची पाटी वाचता येते ती अक्कामुळे. पावसाळ्यात ओटा गळतो तेव्हा शाळा घरात भरते आणि घरातली माणसं बाहेर बसतात."

इथे एकही विशेषण नाही हे लक्षात घ्या. ऐकताना मात्र सभागृह गप्प झालेलं असतं, विशेषतः शेवटच्या ओळीला.

दीडशे ते दोनशे शब्द पुरे. वाचायला दोन मिनिटं लागतात. आकडे लिहायचे तर मोजलेले लिहा. "हजारो मुलं" लिहू नका, "आम्हांला एकवीस भेटले" लिहा. छापण्याआधी मजकूर त्या माणसाला वाचून दाखवा. निम्म्या वेळा ते एखादी चूक दुरुस्त करतात, आणि बहुतेक वेळा एखादं नाव घालायला सांगतात: "माझ्या नणंदेचं पण लिवा, ती पोरांना पाणी द्यायची." ते नाव घालाच.

भाषा त्यांची असू द्या. मराठीत मानपत्र, कन्नडमध्ये बिन्नवत्तळे, उर्दूत सिपासनामा, तेलुगूत सन्मानपत्रम्. प्रत्येक भाषेत याची जुनी रीत आहे आणि सोलापुरात त्या त्या भाषेत चांगलं लिहिणारे शिक्षक सापडतात. एका बाजूला त्यांची भाषा, दुसऱ्या बाजूला मराठी अशी छपाई आम्ही करतो. मराठी मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर तसंच छापू नका, त्यांच्या घरात ते वाचणारी नातवंडं असतात.

आकार ए-फोर. मोठी काचेची फ्रेम दहा बाय दहाच्या खोलीत कुठे लावणार? ती माळ्यावर जाते. त्यासोबत एक लॅमिनेशन केलेली प्रत आणि मोबाइलवर एक स्वच्छ स्कॅन द्या. शाळेत, बँकेत, पुढच्या पुरस्काराच्या अर्जात तीच उपयोगी पडते.

द्यायचं काय

शाल-श्रीफळ ही रीत आहे, तिला माझा विरोध नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर असताना माणसाच्या अंगावर लोकरी शाल टाकून वर फेटा बांधणं हा सत्कार की शिक्षा? ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावाने बाहेरगावची नायलॉनची शाल का आणावी, हेही मला कळलेलं नाही. चांगली सोलापुरी चादर द्या. वापरली तर जाते. जरा जास्त खर्च करायचा असेल तर हातमागावर विणलेली वॉल हँगिंग इथे मिळते. आधी सांगितलं तर चित्राऐवजी नाव किंवा एखादी ओळ विणून देता येईल का, हे विणकराला विचारा. त्याला वेळ लागतो, म्हणून आठ आठवडे म्हणालो.

पितळी रंगाची, पंख पसरलेली स्मृतिचिन्हं टाळता आली तर टाळा. ती पुसायला बाईला त्रास होतो, एवढाच त्यांचा उपयोग.

खरी भेट म्हणजे त्या कामाला लागणारी वस्तू. ओट्यावरच्या शाळेला फळा, दोन सतरंज्या आणि गळक्या पत्र्याची दुरुस्ती. अंत्यसंस्काराला धावणाऱ्याला स्ट्रेचर. कंबर तलावाच्या काठचा कचरा उचलणाऱ्या पोरांना गमबूट आणि हातमोजे. काय हवं ते त्यांनाच विचारा, आश्चर्याचा धक्का द्यायला जाऊ नका. रोख रक्कम द्यायची असेल तर थेट खात्यात भरा, व्यासपीठावर ढोबळ आकड्याचा भलाथोरला पुठ्ठ्याचा चेक धरून उभं करू नका. दुसऱ्या दिवसापासून उसने मागणारे दारात येतात.

तारीख, वेळ, जागा

कामाशी जोडलेली तारीख मिळाली तर बोलायला विषयही मिळतो. शिक्षणाचं काम करणाऱ्यांसाठी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. कामगारांसाठी १ मे. बायकांच्या कामासाठी ३१ मे, अहिल्यादेवींची जयंती. डॉक्टर, परिचारिका, आशाताईंसाठी १० ऑक्टोबर उत्तम: याच दिवशी १९१० मध्ये आपल्या सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. ते १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात होते आणि तिथल्या जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात स्मारक आहे. त्या दिवशी सकाळी सत्कारमूर्तींना तिथे घेऊन गेलात तर भाषणाची गरज उरत नाही.

हुतात्मा दिन म्हणून १२ जानेवारी अनेकांच्या मनात येतो. भावना योग्य, दिवस अवघड. संक्रांतीच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची, गर्दी तेव्हा सुरू झालेली असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवतात आणि तुमचे अर्धे कार्यकर्ते पांढरा बाराबंदी पोशाख घालून मिरवणुकीत असतात. तसंच नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या मार्कंडेयांचा रथ असतो, त्या दिवशी पूर्व भागातलं कुणीही तुमच्याकडे येणार नाही. रमजानमध्ये संध्याकाळ धरू नका.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं कॅलेंडर वेगळंच आहे: त्या भागात नळाला पाणी कधी येतं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई नळापाशी असते. आमच्या एका कार्यक्रमाला बायकांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण त्या संध्याकाळी पाण्याची पाळी होती. तेव्हापासून तारीख ठरवण्याआधी पाण्याची पाळी विचारतो.

जागेबद्दल थोडक्यात. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह मिळालं तर मान वाटतो, पण दीडशे माणसं मोठ्या सभागृहात हरवतात. शाळेचं सभागृह, समाजाचं मंगल कार्यालय, नाहीतर सरळ त्या माणसाची गल्ली. गल्लीत केलं तर ज्यांनी त्यांचं काम पाहिलं तेच श्रोते असतात. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हवी, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. रस्त्यावर मांडव किंवा फ्लेक्स असेल तर महापालिकेची परवानगी. आचारसंहिता लागू असेल तर कार्यक्रम पुढे ढकला, राजकीय पाहुण्यांचा प्रश्नही आपोआप सुटतो. वर्गणी गोळा करायची असेल आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करा; पावती पुस्तकाशिवाय एक रुपयाही घेऊ नका, आणि जमाखर्चाचा कागद कार्यक्रमानंतर आठवड्यात मंडळाच्या फळ्यावर लावा.

प्रत्यक्ष कार्यक्रम: दीड तास

व्यासपीठावर सत्कारमूर्ती आणि एकच पाहुणा. पदाधिकारी खाली. हे लिहायला एक ओळ लागते, घडवून आणायला तीन वर्षं लागली. ऐनवेळी येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी पहिल्या रांगेत चार खुर्च्यांवर "राखीव" लिहून ठेवा आणि एका गोड बोलणाऱ्या, पण न घाबरणाऱ्या कार्यकर्त्याला तिथे उभं करा. सत्कारमूर्तींच्या घरच्यांची रांग मात्र त्याच्याही पुढे.

पाहुणा शक्यतो असा, ज्याला ते काम कळतं. ओट्यावरच्या शाळेच्या अक्कांना मानपत्र द्यायला निवृत्त मुख्याध्यापिका हवी, कुठला बिल्डर नको. पाहुण्यांचं स्वागत एका फुलाने, सगळ्यांचं मिळून दोन मिनिटांत.

प्रास्ताविक पाच मिनिटं. त्यात मंडळाचा इतिहास नको. मग प्रत्येक सत्कारमूर्तीला दहा मिनिटं. मानपत्र वाचायला सूत्रसंचालक नको, शेजारी किंवा त्यांच्याकडून काही मिळालेलं माणूस घ्या. अडखळत वाचलं तरी चालतं. अक्कांचं मानपत्र ती परिचारिका झालेली मुलगी वाचणार होती, तिला तिसऱ्या ओळीपुढे जाता आलं नाही, मग तिच्या धाकट्या भावाने पूर्ण केलं. मानपत्र झालं की भेट, फोटो, आणि मग त्यांनी बोलायचं. भाषण करायचं म्हटलं की कष्टकरी माणूस घाबरतो आणि "सगळ्यांचे आभार" म्हणून माइक परत देतो. म्हणून भाषण नको. शेजारी स्टूल घेऊन बसा आणि दोन प्रश्न विचारा. "सुरुवात कशी झाली?" आणि "कधी सोडून द्यावंसं वाटलं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यासाठी लोक पुढे वाकतात.

एका वर्षी चारपेक्षा जास्त सत्कार ठेवू नका. चाळीस मिनिटांत चाळीस सत्कार उरकणारेही समारंभ मी पाहिलेत. तिथे माणसांना रांगेने हाकत होते.

फोटोवाल्याला आधी सांगा: माणूस मध्ये, चेहरा दिसला पाहिजे, मान्यवरांच्या सहा हातांनी धरलेली फ्रेम नको. संदेशवाचन पूर्ण बंद. आभार तीन मिनिटं. नंतर जेवण असेल तर साधं ठेवा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, झुणका, ठेचा; बुफेची रांग लावण्यापेक्षा पंगत बसवा आणि सत्कारमूर्तींना पदाधिकाऱ्यांनी वाढावं. हिवाळ्यात कार्यक्रम असेल आणि कुणाचं शेत असेल तर हुरड्याला बोलवा. आमचा सर्वांत चांगला सत्कार तसाच झाला होता. माइक नव्हता, आगटीभोवती बसून मानपत्रं वाचली.

दुसऱ्या दिवसापासून

वर्तमानपत्रांना दीडशे-दोनशे शब्दांची बातमी त्याच रात्री द्या. पहिलं वाक्य सत्कारमूर्तींच्या कामाचं असावं, उपस्थितांची यादी शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर तीच कापली जाते.

मग खरं काम: तुम्ही जमवलेली माहिती मोठ्या ठिकाणी पाठवा. मोठे पुरस्कार आपोआप मिळत नाहीत, कुणीतरी अर्ज भरलेला असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडसारखं नेमकं दाखवता येईल असं काम कागदावर मांडलेलं होतं. आपल्या गल्लीतलं कामही तसंच मांडता येतं.

पद्म पुरस्कारांसाठी कुणीही कुणाचंही नाव राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर सुचवू शकतं, शिफारसपत्र किंवा ओळख लागत नाही. कामाचं वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत द्यायचं असतं. तुमचं दोनशे शब्दांचं मानपत्र आणि वहीतली उजवी पानं मिळून ते सहज तयार होतं. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेतले सरकारी कर्मचारी पद्मसाठी पात्र नसतात, हे आधी बघून घ्या. शेवटची तारीख दरवर्षी जाहीर होते. निकाल २६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी लागतो. राज्याच्या समाजकल्याण आणि महिला व बालविकास विभागांचेही पुरस्कार असतात, त्यांचे अर्ज जिल्हा कार्यालयात विचारा.

महिन्याने प्रत्येकाच्या घरी एक चक्कर मारा. दिलेली वस्तू पोचली का, पत्रा दुरुस्त झाला का, फोटो मिळाले का. या चकरेत शेवटचा प्रश्न आम्ही न चुकता विचारतो: तुमच्या मते पुढच्या वर्षी कुणाला बोलवावं?

अक्कांकडे गेलो तेव्हा मानपत्र ओट्याच्या भिंतीवर, पोरांच्या डोक्याच्या उंचीवर लावलेलं होतं. "वाचायला कामी येतंय," म्हणाल्या. नवी पोरं त्यावर मराठी वाचन शिकतात. पुढच्या वर्षीचं नाव विचारलं तर हातातली विडी बांधून होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी अशोक चौकातल्या एका रिक्षावाल्याचं सांगितलं, जो रात्रीच्या बाळंतपणाच्या फेरीचे पैसे घेत नाही. वहीत डाव्या पानावर ते लिहिलंय. उजवं पान अजून कोरं आहे. दुपारी तीननंतर तो स्टँडवर असतो म्हणे.